पोट वर, पोट खाली

आणि कागद पुन्हा अडकला.

आत जाताना नाही. आत जाताना अडकलेल्या कागदाचं काही वाटत नाही. ट्रे ओढा, कागद काढा, ट्रे ढकला, झालं. हा बाहेर येताना अडकत होता. छापून झालेला, गरम, अगदी तोंडाशी आलेला. त्याची पुढची कड वर उचलली जायची, मागून येणारा कागद तिच्यावर आदळायचा, त्याच्यावर तिसरा, आणि बघता बघता मशीनच्या तोंडात पंख्यासारख्या घड्या.

"हातातोंडाशी आलेला घास," बाबा म्हणाले आणि झाकण उघडून दोन बोटांनी कागद सोडवायला लागले.

"ओढू नका हं, बाबा."

"ओढतोय कुठं? समजूत घालतोय."

बाबा म्हणजे तिचे सासरे. हे झेरॉक्सचं दुकान त्यांनी काढलेलं. आता काउंटर ती सांभाळायची आणि ते मशीनशेजारच्या उंच स्टुलावर बसायचे. त्या स्टुलावरून त्यांना उतरवायचं, हे तिच्या नवऱ्याच्या मनात बरेच दिवस होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. "आयुष्यभर उभे राहिले, आता आराम करू देत," एवढंच त्याचं म्हणणं. पण बाबांचा आराम काय असतो ते तिने पाहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या आत ते घरातली सगळी घड्याळं पुसून मोकळे व्हायचे आणि मग 'आता काय' असा चेहरा करून दारात उभे.

म्हणून ती नवऱ्याशी भांडली होती. शेवटी तो म्हणाला होता, "ठीक आहे, बसू देत. पण मशीन नवं आहे. त्यांच्या हातून काही घोटाळा झाला, की घरी."

"नाही होणार."

"कशावरून?"

"मी आहे ना."

ती होती. आणि घोटाळा होऊ नये म्हणून तिने जे केलं ते असं.

ट्रे रिकामा आहे. कागद भरा.

कागदाला पोट असतं. हे बाबांचं म्हणणं. रीम फोडायची, वरचे चार कागद एका कडेला धरून लोंबू द्यायचे. ते एका अंगाला किंचित फुगतात. फुगतं ते पोट, दुसरी बाजू पाठ. ताज्या कागदाला पोट इतकं थोडं असतं की डोळ्यांना दिसत नाही. तिला दिसायचं नाही. बाबांच्या अंगठ्याला कळायचं.

लग्न होऊन ती दुकानात यायला लागली तेव्हा त्यांनी तिला सगळ्यात आधी हे शिकवलं होतं. गठ्ठ्याला आधी वारा द्यायचा, म्हणजे पत्त्यांसारखा फरफरवायचा, चिकटलेले कागद सुटे होतात. मग कडा टेबलावर ठोकून सारख्या करायच्या. ट्रे गळ्यापर्यंत भरायचा नाही. बाहेर पडलेले कागद साचू द्यायचे नाहीत. आणि उरलेल्या कागदांवर नवे टाकायचे नाहीत. जुन्यांनी हवेतली ओल प्यायलेली असते, त्यांचं नव्यांशी पटत नाही.

"सासू-सुना," बाबा म्हणाले होते.

"आणि सासरे-सुनांचं पटतं?"

"कागद बघून सांगावं लागेल."

आणि ट्रेमध्ये पोट खाली. "बाळाला पालथं घालतात तसं. पोट खाली, पाठ वर. हे चुकलं की सगळं चुकलं, मॅनेजरबाई."

नव्या मशीनला उलटं लागायचं. पोट वर. मशीनवाल्याने मशीन बसवताना तिला दाखवलं होतं: यात कागद आतल्या आत एक कोलांटी जास्त मारतो, त्यामुळे पालथा भरलात तर गरम रोलरखालून निघताना मान वर करणार आणि बाहेरच्या तोंडाशी अडकणार. तिने ऐकलं. बाबा तेव्हा रस्त्यावर होते, जुनं मशीन टेम्पोत चढवणाऱ्यांना "अरे हळू, हळू" म्हणत.

पहिल्याच दिवशी अडकला. तिने ट्रे ओढून वरचे कागद लोंबवून पाहिले. पोट खाली. बाबांनी भरलेला.

"बाबा, हे मशीन जरा वेगळं आहे बरं का."

"मशीनं सगळी सारखीच गं. माणसं वेगळी."

विषय संपला, असं तिला वाटलं. ज्याने आपल्याला शिकवलं त्याला परत तेच, उलटं करून, कसं शिकवायचं? त्यातून सासरे. त्यातून काउंटरवर गिऱ्हाईक. त्यापेक्षा सोपी वाट होती. बाबा हात धुवायला गेले की ट्रे ओढायचा, गठ्ठा उलटा करायचा, ट्रे ढकलायचा. लोंबवून बघायचीही नाही. बघायचं काय त्यात? बाबांनी भरलाय, म्हणजे पोट खालीच असणार.

मधूनमधून कागद अडकायचा. मधूनमधून नाही. अडकला की तिला वाटायचं, आपली नजर चुकवून यांनी परत भरला.

हे चालू राहिलं.

कागद अडकला आहे. बाहेर जाण्याचा मार्ग तपासा.

शाळेच्या प्रश्नपत्रिका होत्या. दोन्ही बाजूंनी छापायच्या, म्हणजे प्रत्येक कागद त्या गरम रोलरखालून दोनदा जाणार आणि त्याची मान दुप्पट ताठ होणार. हेडबाई स्वतः येऊन बसल्या होत्या. पेपर फुटू नयेत म्हणून चुरगळलेला एकेक कागद त्या मागून घेत होत्या आणि मांडीवर ठेवत होत्या.

"हे बघा," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या मांडीवर आता चौथीचा अख्खा वर्ग बसलाय. पुढचा वर्ग बसायच्या आत काहीतरी करा."

"होतंय, बाई."

"काय होतंय? भूगोलाचा नुसता भुगा होतोय."

बाबांनी ट्रे ओढला, तिच्या पाठीमागे. ती कटरवर वाकली होती, तिला दिसलं नाही. मग ते पाणी आणायला गेले आणि तिने ट्रे ओढला. मशीन सुरू. चार कागद नीट. पाचवा मान वर करून.

तिने मशीनवाल्याला फोन केला. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ तिचा नवरा आला, सकाळी घरी विसरलेला तिचा डबा हातात घेऊन. त्याने मशीनची उघडी झाकणं पाहिली. हेडबाईंची मांडी पाहिली. डबा खाली ठेवला नाही, हातातच धरून उभा राहिला.

मशीनवाल्याने ट्रे ओढला, कागद लोंबवला आणि हसला.

"मशीनला काही झालेलं नाही. कागद पालथा आहे. ट्रे कोण भरतं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी."

पुन्हा.

"ट्रे कोण भरतं?" बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. ते आता खरं सांगतात की टोलवतात, हे तिला बघवत नव्हतं. "मी," ते म्हणाले, आणि तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं. कबूल केलं. आता निदान लपवालपवी संपली.

पुन्हा, अगदी सावकाश.

"ट्रे कोण भरतं?" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि थांबले. छापलेला एक कागद बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडे जास्तच. तेवढ्यात तिला खूप काही म्हणता आलं असतं. आम्ही दोघं भरतो. मीपण भरते. आधी बाईंचं काम होऊ द्या, पंचनामा मागून करा. असलं काहीही, अर्धंमुर्धंसुद्धा चाललं असतं. नुसतं "अं" म्हटलं असतं तरी बाबा थांबले असते. ते थांबलेच होते. 

"मी."

नवरा म्हणाला, "बाबा, चला. मी घरी सोडतो तुम्हाला."

"अरे, बाईंचं काम—"

"ती बघेल."

बाबांनी अंगठ्यावरची रबरी टोपी काढली, कागद मोजताना घालायची ती, आणि खणात ठेवली. हेडबाईंना म्हणाले, "सांभाळून घ्या." कोणाला सांभाळून घ्यायचं, ते बोलले नाहीत. मशीनवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ट्रेमध्ये कागद उताणा घालून तोंड मिटलं.

तयार.

मशीन चालायला लागलं. खरोखर चालायला लागलं. ती एकटी भरायची, पोट वर, आणि बाहेरच्या ट्रेमध्ये कागदावर कागद निजवल्यासारखे पडायचे. एकाचीही मान वर नाही.

"बघ," नवरा म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?"

पुरावा समोर पडत होता, बाजू जुळवून, गरम.

घरी बाबा चांगले वागत होते. फार चांगले. भाजी निवडून ठेवायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, त्याही अशा की कपाटातून एक काढला तर दुसरा हलू नये. दुकानाबद्दल रोज एकच विचारायचे.

"अडकत नाही ना आता?"

"नाही, बाबा."

"एकदाही नाही?"

"नाही."

"वा. जमलं मग."

त्यांचा चेहरा खुलायचा. ते स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला हसतात, असं तिला वाटायचं आणि तिला त्यांची दया यायची. दया आली की ती त्यांना एक पोळी जास्त वाढायची. तेही निमूट खायचे.

सेवेची वेळ झाली आहे.

मशीनवाला मशीन साफ करायला आला. रोलर पुसता पुसता म्हणाला, "काका दिसत नाहीत बरेच दिवस?"

"घरी असतात आता. त्या दिवसानंतर."

"कुठल्या? शाळेच्या?" त्याने फडका थांबवला. "वहिनी, एक बोलू? मला ते कोडं अजून सुटलं नाही. काकांची चूक कशी होईल?"

"त्यांना सवय होती ना जुन्या मशीनची. पोट खाली."

"अहो, मशीन बसवलं त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन. म्हणाले, कागद अडकला, मी पालथा भरला होता, तुमच्या मशीनला कसा लागतो ते नीट सांगा. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत फोन, पोट वरच ना, म्हणून. मी म्हटलं, काका, परीक्षा घेताय का माझी? आणि म्हणाले, सुनेला सांगू नका हो मी विचारलं ते. मी तिचा मास्तर आहे, मास्तरची लाज राहू द्या."

तिच्या हातात रीम होती. ती तिने खाली ठेवली.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही?"

"मी? वहिनी, तुमचे सासरे स्वतःच 'मी' म्हणताहेत, तुमचे मालक डबा घेऊन उभे, तुम्ही गप्प. घरच्यांच्या मध्ये पडून मशीनवाल्याचं कधी भलं झालंय?"

तो निघून गेला. ती मशीनसमोर उभी राहिली आणि हाताने हवेत करून पाहिलं. बाबा भरतात, पोट वर. मी उलटते, पोट खाली. अडकतो. बाबा बघतात, पोट खाली कसं, म्हणून सरळ करतात. पोट वर. मी उलटते.

म्हणजे ज्या ज्या दिवशी मशीन नीट चाललं, त्या त्या दिवशी बाबांचा हात शेवटचा होता.

भर दुपारी शटर अर्धं ओढून ती घरी गेली.

झाकण उघडे आहे.

बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. पंखा बंद होता, सालं उडू नयेत म्हणून.

"एवढ्या लवकर?"

"बाबा, त्या दिवशी ट्रे मी उलटवला होता."

"हो गं. ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"मग? मी दोनदा सरळ केला. परत बघतो तर पालथा. म्हटलं, ही काही ऐकत नाही." ते हसले. "तुझा दोष नाही त्यात. मीच तुला घोकून घेतलं होतं ना, पोट खाली, पोट खाली. एकदा पाठ झालेलं सुटत नाही. माझंही पहिल्या दिवशी चुकलंच की."

"मग 'मी' का म्हणालात?"

"हा समोर उभा, त्या बाई समोर. तुला कशाला तोंडघशी पाडायचं? तुला दुकान चालवायचंय." त्यांनी एक शेंग उकलली. "खरं सांगू? मला वाटलं होतं, तू म्हणशील."

"काय?"

"असंच. 'नाही हो, ते नाही, मी भरते.' मग मी म्हटलं असतं, 'नाही, मीच.' मशीनवाला हसला असता. विषय संपला असता. पण तू घाबरलीस. चालायचंच. माझी काही तक्रार नाही."

इथे थांबता आलं असतं. त्यांनी तिला आपल्या मनात भित्री ठरवून माफ करून टाकलं होतं, आणि त्या माफीत ती आरामात राहू शकली असती. "हो बाबा, घाबरले मी" एवढं म्हणायचं, शेजारी बसायचं, दोन शेंगा सोलायच्या, उद्यापासून त्यांना घेऊन जायचं.

पण ती खरं सांगायला आली होती, आणि खरं म्हणजे सगळं खरं, असं तिला वाटत होतं.

"बाबा, मी चुकून नव्हते उलटवत. मला माहीत होतं, पोट वर लागतं. मला वाटायचं तुम्ही चुकीचा भरता. म्हणून मी तुमच्यामागून उलटवायचे."

"मी भरल्यावर?"

"हो."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही."

"रोज?"

"पहिल्या दिवसानंतर. रोज."

"बघून?"

आता तिला कळलं की तिने काय उघडलं होतं. "नाही," ती म्हणाली. "न बघताच."

बाबांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली, न सोलता.

"म्हणजे मला वाटत होतं तुला येत नाही," ते म्हणाले, "आणि तुला वाटत होतं मला येत नाही."

"हो, बाबा."

"आणि दोघंही झाकत होतो."

ते हसायला लागले. तीही हसली. मोठ्याने हसले दोघं, गोष्ट होतीच तशी, नवऱ्याला सांगितली असती तर तोही हसला असता. हसता हसता बाबांचं हसणं संपलं आणि तिचं थोडा वेळ एकटंच चालू राहिलं.

"मी निदान अंगठा लावून बघायचो गं," ते म्हणाले.

तयार.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दुकानात घेऊन आली. नवऱ्याला तिने रात्री जेवताना सगळं सांगितलं होतं, तेव्हा तो पाण्याचा पेला फिरवत म्हणाला होता, "मग त्यांनी यावं. मी कोण नाही म्हणणार?" म्हणजे नवऱ्याचा प्रश्न उरला नव्हता. स्टूल जागेवर होतं. तिने ते पुसलंही.

बाबा स्टुलावर बसले नाहीत. काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांसाठी बाकडं होतं, तिथे बसले. "इथे वारा बरा आहे," म्हणाले.

ट्रे रिकामा झाला. तिने मुद्दाम हाक मारली. "बाबा, कागद भरता का?"

"भरू?"

"भरा की."

ते आत आले. रीम फोडली, गठ्ठ्याला वारा दिला, कडा ठोकल्या. हात तेच होते. तिने पाठ फिरवली आणि उगाच सुट्या नाण्यांच्या खणात हात घातला. आज बघायचं नाही. काही झालं तरी बघायचं नाही. मागे ट्रे ढकलल्याचा आवाज येईल म्हणून ती थांबली.

आला नाही.

"बघून घे एकदा," बाबा म्हणाले.

"नको, बाबा. तुम्ही भरलाय ना."

"म्हणूनच."

ते टोमणा मारत नव्हते. मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते खरंच थांबले होते, ट्रेच्या कडेवर हात ठेवून, फाटकाशी थांबतात तसे. तिला वळावं लागलं. वरचे चार कागद उचलून लोंबवावे लागले. पोट वर होतं.

"बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी ट्रे ढकलला आणि मशीनपासून बाजूला सरकले, तिला बटण दाबायला जागा करून देत.

काउंटरवर एक माणूस उभा होता, हातात आपल्या कागदांची गुंडाळी. जुनं गिऱ्हाईक, बाबांना ओळखत होता. "काय काका, किती दिवसांनी! जरा घाई आहे हो. पाठपोट काढायच्यात, होतील ना पटकन?"

बाबांनी बाकड्याकडे जाता जाता तिच्याकडे हात केला.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "त्या सांगतील."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'ही' म्हटलं होतं, 'पोरगी' म्हटलं होतं, थट्टेत 'मॅनेजरबाई', चिडल्यावर मुलाजवळ 'तुझी बायको' म्हटलं होतं. 'त्या' कधीच नाही. माणसाने गुंडाळी उलगडून तिच्यासमोर धरली. ती सरळ करून तिने काचेवर ठेवली, झाकण लावलं, आणि कागद बाहेर यायला लागले, एकापाठोपाठ एक, कुठेही न अडकता.